दहा मिनिटं

आधी साबण, मग ब्लीच.
उलटं केलं तर दोन्ही फुकट, हे मला कारखान्याने शिकवलं.
तिथे रात्रभर मी खेकड्यांची टेबलं धुतो;
भिंतीवर तक्ता आहे,
पाणी किती, औषध किती, मिनिटं किती.
घरी तक्ता नाही.
घरी बाटलीचं टोपण आहे
आणि फोनवर ओरिएता, बोटीच्या भटारखान्यातून:
"एक टोपण, चार लिटर. थंड पाणी, गरम नको.
आणि व्हिनेगर लांब ठेव, एल्यूतेरिओ,
तुला मध्येच काहीतरी सुचतं."

रायेनला हात-पाय-तोंडाचा ताप येऊन गेला.
आठ दिवस थंड दुधावर होती पोर,
घास नको म्हणायची,
पण खेळणी मात्र सगळी चावून काढली.

सकाळचे सात. पुन्ता आरेनासचा जून,
सूर्य दहाच्या आत तोंड दाखवत नाही.
मोरीतल्या दिव्याखाली सगळे हजर:
एक शिंग गेलेली गाय,
चाकं न फिरणारा कचऱ्याचा ट्रक,
सात कप, एकात एक बसणारे (सहावा कुठे आहे देव जाणे),
आणि ठोकळे, शेजारच्या क्लोरिंदाबाईंनी दिलेले,
त्यांना ते चर्चच्या बाजारात मिळाले होते,
बाजारात कोणाकडून आले, कोण सांगणार.

जुन्या दातब्रशने खाचा घासतो.
पिवळ्या ठोकळ्याच्या कडेला दात उमटलेत,
दोन वर, दोन खाली.
रायेनला खाली चार आहेत.
मग हे कोणाचे?
कुठलं तरी पोर आता दाढी करत असेल,
बंदरावर दोर ओढत असेल,
आणि त्याचं उष्टं माझी लेक खाते आहे.
ब्रश जरा थांबला.
जंतू जातील. खाच जाणार नाही.
बरं, न जावो.

मग बदक.
टवटवीत पिवळं, नारिंगी चोच, कायमचं हसरं.
दाबलं,
आणि पोटातून काळं आलं, मऊ, तुकड्यातुकड्यांनी,
आंघोळीच्या पाण्यात रोज हेच पोहत होतं,
हेच ती तोंडात पिळत होती!
ओठात एक, पोटात एक म्हणतात ते असं.
तीनदा दाबलं, तीनदा काळं.
चौथ्यांदा दाबलं नाही.
कचऱ्याच्या डब्यात घातलं
आणि वर बटाट्याच्या साली पसरल्या,
चोराने करावं तसं.

बाकीचे बुडवले. दहा मिनिटं.
दहा मिनिटं माणसाने काय करावं?
कारखान्यात मी टेबलाला टेकून डोळे मिटतो.
इथे बादलीत बघत बसलो.
गाय तरंगत होती, बुडवली की वर,
बुडवली की वर,
शेवटी तिच्यावर ट्रक ठेवला.

मग नळाखाली, वास जाईपर्यंत.
मग कांद्याच्या जाळीत भरून मागच्या दारी, तारेवर.
इथल्या वाऱ्याला टॉवेल लागत नाही.
जाळी आडवी उडत होती,
गाय आत उलटी, पाय वर.

नऊ वाजता रायेन उठली.
गाय हुंगली. माझ्याकडे बघितलं,
ही माझी नाही, अशा नजरेने.
मग सरळ कुत्र्याच्या तोंडात दिली,
त्याने नीट चाटली,
तेव्हा कुठे परत घेतली आणि छातीशी धरली.
दहा मिनिटं, दोन पाणी, एक टोपण,
सगळं गेलं.
हसू आलं, पण आवाज नाही केला.

दुपारी टबात बसली आणि हात पसरून म्हणाली,
"क्वा?"
मी साबण शोधू लागलो.
"क्वा?"
मी म्हणालो, बदक समुद्रावर गेलं,
आईकडे.
खिडकीबाहेर सामुद्रधुनी करडी, फेसाळ.
ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.
रडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ओरिएताचा फोन.
मी सांगायच्या आत पोरीने तो ओढून घेतला
आणि कानाला नाही, तोंडाला लावला:
"क्वा?"

पलीकडे भांडी आदळली, कोणीतरी ओरडलं, पाणी सुटलं.
ओरिएताने काही विचारलं नाही.
आधी एकदा हळू "क्वा" म्हणाली,
मग पुन्हा, जरा मोठ्याने,
वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून.